ओसरीवरच्या शाळा : एका विद्यार्थी-मंडळाची गोष्ट

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला विषय दिला तो ‘कॉलेजातली मंडळं आणि अभ्यासाबाहेरचं जग’ हा. आपलं नाट्यमंडळ, भित्तिपत्रक, गॅदरिंग, एन.एस.एस.चं शिबिर यांबद्दल या अंकात आणखी बरेच जण लिहिणार आहेत आणि ते माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. म्हणून मी जरा मागे जायचं ठरवलं. कॉलेजातल्या मुलांनी एकत्र येऊन मंडळ काढायचं, वर्गणी गोळा करायची, सभा भरवायची, ही पद्धत आपल्याकडे आली कशी? त्याचा माग काढत गेले आणि १८४८ सालच्या मुंबईत पोचले. तिथे सापडलेली गोष्ट मला आपल्या सगळ्यांना सांगाविशी वाटते. शिवाय या मेळाव्यात आपल्याला मिळून एक निर्णय घ्यायचा आहे आणि त्याच्याशीही तिचा संबंध आहे. त्याबद्दल शेवटी लिहिते.

पदवी नसलेलं कॉलेज

१८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईच्या गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. त्यांचं स्मारक म्हणून पुतळा वगैरे उभारता आला असता, पण मुंबईच्या नागरिकांनी सभा घेऊन ठरवलं की वर्गणी काढायची आणि त्यातून इंग्रजी, शास्त्रं व कला शिकवणारे प्राध्यापक नेमायचे. दोन लाखांहून जास्त रुपये जमले. त्यातून जे उभं राहिलं त्याला पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन असं नाव पडलं. शाळा आणि कॉलेज दोन्ही एकाच छपराखाली होतं. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर इथेच शिकवत होते. १८४६ मध्ये ते अकाली गेले, पण त्यांच्या हाताखाली शिकलेली पिढी तिथे होती.

आजच्या मानाने हे कॉलेज इवलंसं होतं. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला अजून नऊ वर्षं अवकाश होता, म्हणजे शिकून पदवी मिळायची सोय नव्हती. मुंबईत रेल्वे नव्हती. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती १८५३ मध्ये. वरच्या वर्गांत बसणारी मुलं थोडी, ती पारशी, मराठी आणि गुजराती घरांतली. एकमेकांना सगळे ओळखत होते. जो हुशार विद्यार्थी असेल त्याला तिथेच असिस्टंट मास्तर म्हणून घेतलं जाई, त्यामुळे शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात वयाचं अंतर फारसं नसे. दादाभाई नौरोजी हे त्यांतलेच एक. विद्यार्थी म्हणून आले, मग मास्तर झाले आणि पुढे तिथेच गणिताचे पहिले भारतीय प्राध्यापक झाले. १८४८ मध्ये त्यांचं वय होतं बावीस.

दुसरं नाव भाऊ दाजी लाड यांचं. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, घरची गरिबी. एल्फिन्स्टनमध्ये शिकले, तिथेच थोडं शिकवलं आणि मग नव्याने निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत दाखल झाले. काठेवाडातल्या बालिकाहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळालं होतं. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला आज त्यांचंच नाव आहे. आपल्यातल्या ज्यांनी मुलांना घेऊन ते संग्रहालय पाहिलं असेल, त्यांनी ते नाव दारावर वाचलं असेलच.

निबंध वाचायचं मंडळ

१३ जून १८४८ रोजी प्रोफेसर पॅटन यांच्या प्रेरणेने या तरुणांनी एक मंडळ स्थापन केलं. नाव ठेवलं ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’. मराठीत सांगायचं तर विद्यार्थ्यांचं साहित्य आणि शास्त्र मंडळ. काम साधंच होतं. सभासदाने एखाद्या विषयावर निबंध लिहून आणायचा, सभेत वाचायचा आणि इतरांनी त्यावर बोलायचं. आपल्या वेळी वादविवाद मंडळात जे चालायचं तेच. फरक इतकाच की त्यांच्यासमोर नमुना म्हणून आधीचं फारसं काही नव्हतं. सभा कशी चालवायची, ठराव कसा मांडायचा, टिपण कोणी ठेवायचं, हे सगळं ते करता करता शिकत होते.

सोसायटीचा कारभार इंग्रजीत चाले. पण पहिल्या काही महिन्यांतच सभासदांच्या लक्षात आलं की इंग्रजीतल्या चर्चा कॉलेजच्या भिंतींबाहेर जात नाहीत. म्हणून त्याच वर्षी दोन शाखा निघाल्या, एक मराठी आणि एक गुजराती. दोघींचं नाव ज्ञानप्रसारक, म्हणजे काम नावातच होतं. मराठी सभेच्या अध्यक्षपदी मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. तिथे मराठीत निबंध वाचले जाऊ लागले आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागलं. विज्ञान, इतिहास, भूगोल, आरोग्य, व्यापार असे विषय मराठीत कसे सांगायचे याचा सराव त्या पानांवर झाला. ते मासिक १८६७ पर्यंत, म्हणजे सुमारे सतरा वर्षं चाललं. कॉलेजातल्या मंडळातून निघालेलं नियतकालिक सतरा वर्षं टिकलं, ही गोष्ट भित्तिपत्रकाचा महिन्याचा अंक वेळेवर लावताना ज्यांची दमछाक व्हायची, त्या आपल्या मित्रांना जास्त चांगली कळेल.

निबंधानंतरचा प्रश्न

१८४९ मध्ये बेहरामजी खरशेदजी गांधी या सभासदाने सोसायटीत मुलींच्या शिक्षणावर निबंध वाचला. मुलींना शिकवलं पाहिजे, हे त्या खोलीतल्या बहुतेकांना पटणारं होतं. टाळ्या झाल्या असत्या, आभार मानले गेले असते आणि पुढच्या सभेला पुढचा विषय आला असता. मंडळांमध्ये नव्वद टक्के वेळा असंच होतं, हे आपण सगळे जाणतो.

इथे तसं झालं नाही. आपण नुसतं बोलणार की काही करणार, हा प्रश्न निघाला. सभासदांनी ठरवलं की शाळा आपणच काढायच्या. पैसे नव्हते, इमारत नव्हती, पगारी शिक्षक मिळण्याची शक्यता नव्हती. होतं ते इतकंच : सभासदांची घरं आणि सकाळचा वेळ. काही जणांनी राहत्या घरातली जागा देऊ केली. शिकवायचं सभासदांनीच, विनावेतन आणि आपापल्या कामावर जाण्याआधी. सकाळी लवकर मुली जमणार, त्यांना वाचन, लेखन, हिशेब शिकवायचं आणि मग धावतपळत आपला वर्ग किंवा आपली नोकरी गाठायची, असा तो बेत होता.

मुली मिळवणं हे सगळ्यांत अवघड काम. शिकलेली मुलगी विधवा होते, पुस्तक हातात धरलं की घर बुडतं, असल्या समजुती तेव्हा घरोघरी होत्या. दादाभाईंनी म्हातारपणी आपल्या तरुणपणाच्या आठवणी लिहिल्या, त्यांत हे दिवस आले आहेत. ते आणि त्यांचे सोबती घरोघर जात, तुमच्या ओसरीवर बसून मुलींना अक्षरं शिकवू द्या, अशी वडीलमंडळींना विनंती करत. कोणी ऐकून घेई, कोणी नुसतं हसे. एकदोन ठिकाणी तर संतापलेल्या बापांनी त्यांना जिन्यावरून खाली फेकून देण्याची धमकी दिली. बावीस-चोवीस वर्षांचे हे सगळे मास्तर, विद्यार्थी, दुसऱ्याच्या पायरीवर उभे राहून ते ऐकून घेत होते आणि पुढच्या घराकडे वळत होते.

१८४९ च्या ऑक्टोबरात शाळा सुरू झाल्या. नोंद आहे ती ४४ पारशी आणि २४ हिंदू मुलींची. मराठी मुलींच्या शाळेसाठी नाना शंकरशेट यांनी गिरगावात आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मुलींच्या शिक्षणाची सुरुवात या मुलांनी केली, असं मला म्हणायचं नाही. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२४ मध्येच मुलींची शाळा काढली होती. पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये शाळा सुरू केली आणि त्यासाठी त्यांनी जे सोसलं ते या मुंबईकर तरुणांच्या वाट्याला आलेल्या त्रासापेक्षा कितीतरी जास्त होतं. कलकत्त्यात बेथून यांची शाळा १८४९ ची. सरकारने स्त्रीशिक्षणाला मदत करण्याचं धोरण म्हणून जाहीर केलं ते १८५४ च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे या सगळ्यांच्या नंतर. एल्फिन्स्टनच्या मुलांचं वेगळेपण इतकंच की मागे मिशन नव्हतं, सरकार नव्हतं. होतं एक कॉलेजातलं मंडळ, ज्याचा मूळ उद्देश निबंध वाचणं हा होता.

उघड मंडळ आणि गुप्त मंडळ

याच वर्षी, याच शहरात, याच वर्तुळातल्या काही लोकांनी दुसरंही एक मंडळ काढलं. त्याचं नाव परमहंस सभा. दादोबा पांडुरंग तिथेही होते. जातिभेद मोडायचा, मूर्तिपूजा सोडायची, विधवाविवाहाला पाठिंबा द्यायचा, हे तिचे विचार. विचार फार पुढचे होते, पण समाज वाळीत टाकेल या भीतीने सभा गुप्तपणे चाले. सभासदांची संख्या पुरेशी वाढली की मगच उघड व्हायचं, असं ठरलेलं होतं. १८६० च्या सुमारास सभेचे कागदपत्र चोरीला गेले, सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. त्या विचारांचा धागा पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजाने उचलला, हे खरं. पण परमहंस सभा संपली ती संपलीच.

या दोन मंडळांची तुलना मला पुन्हा पुन्हा करावीशी वाटते. परमहंस सभेचे विचार जास्त धाडसी होते. सोसायटीचं काम त्या मानाने मवाळ : मुलींना अक्षरओळख. पण ते उजेडात चाललं होतं. त्यात बापांना विचारावं लागत होतं, शेजाऱ्यांना दिसत होतं, एखाद्या घरची मुलगी वाचायला लागली की समोरच्या घरात त्याची चर्चा होत होती. नावं फुटण्याची भीती नव्हती, कारण नावं उघडच होती. शिवाय ज्याला पटलं त्याला हातभार लावायची सोय होती. कोणी जागा देऊ शके, कोणी वेळ, कोणी पैसा.

पैसे मागून आले

आणि पैसा आलाही. शाळा सुरू होऊन, मुली येताहेत हे दिसल्यावर, कामा घराण्यातल्या मंडळींनी पारशी मुलींच्या शाळांच्या खर्चाची बाजू उचलली. मग पगारी शिक्षक नेमता आले आणि विनावेतन शिकवणाऱ्या सभासदांवरचा भार कमी झाला. पुढे पारशी शाळांचा कारभार वेगळ्या पारशी मंडळींकडे सोपवला गेला. मराठी मुलींच्या शाळा सोसायटीकडे राहिल्या.

१८५५ मध्ये दादाभाई कामा कंपनीच्या व्यवसायासाठी इंग्लंडला गेले. ज्यांनी दारोदार फिरून मुली गोळा केल्या होत्या, त्यांतले इतरही हळूहळू आपापल्या वाटेला लागले. भाऊ दाजी डॉक्टर झाले. पुढे सोसायटीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, पण त्यांच्या मागे दवाखाना, संशोधन आणि सार्वजनिक कामांचा व्याप होता. शाळा मात्र बंद पडल्या नाहीत. गिरगावात एस. एल. अँड एस. एस. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी मुलींची शाळा त्यानंतर दीड शतकाहून अधिक काळ चालत राहिली. तिच्या नावातलं पहिलं ‘एस’ म्हणजे ‘स्टुडंट्स’. शाळेच्या नावात विद्यार्थी असणं यात नवल वाटणार नाही, पण हे विद्यार्थी म्हणजे त्या शाळेत शिकणारे नव्हेत. ती शाळा ज्यांनी काढली ते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्या कामात एक कसोटी असते. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला, तरी तो प्रोग्रॅम चालतो का? दुसऱ्या कोणाला तो वाचून समजतो का, दुरुस्त करता येतो का? नाही आला, तर तो कितीही हुशारीने लिहिलेला असो, त्याचं आयुष्य थोडं. सोसायटीचे कागद वाचताना मला सारखी ही कसोटी आठवत होती. कॉलेजातलं मंडळ हे जन्मतःच अल्पायुषी असतं, कारण त्याचे सभासद तीन-चार वर्षांत निघून जातात. मग त्यातलं काय उरतं? जे दुसऱ्याच्या हाती सोपवता येईल अशा रूपात उभं केलेलं असतं, ते. सोसायटीने वेळ, जागा, शिकवण्याची रीत, पैशाची सोय अशा एकेक गोष्टी बसवत नेल्या आणि मग त्या दुसऱ्यांच्या हाती दिल्या.

सभेत शिकलेलं सभेबाहेर

या मंडळाने सभासदांना काय दिलं, हेही पाहण्यासारखं आहे. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, मुंबई इलाख्यातली पहिली राजकीय संस्था. नाना शंकरशेट यांच्यासारखे वडीलधारे पुढे होते, पण धावपळ करणाऱ्यांत दादाभाई आणि भाऊ दाजी होतेच. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचा प्रश्न १८५३ मध्ये पार्लमेंटपुढे येणार होता, म्हणून या संस्थेने इथल्या लोकांचं म्हणणं अर्ज लिहून थेट तिकडे पाठवलं. मुद्दे मांडणं, मसुदा तयार करणं, सह्या गोळा करणं, विरोधी मत ऐकून घेणं, हे सगळं त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलं नव्हतं. ते शिकले होते निबंध वाचायच्या मंडळात आणि लोकांच्या ओसऱ्यांवर. दादाभाई पुढे तीनदा राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले : १८८६, १८९३ आणि १९०६ मध्ये.

आणि तरीही एक विसंगती होती. ज्या कॉलेजातल्या मुलांनी मुलींच्या शाळा काढल्या, त्या कॉलेजात मुलगी नव्हती. ओसरीवर शिकलेल्या त्या मुली वाचायला शिकल्या, पण त्यांच्यापुढे हायस्कूल नव्हतं, कॉलेज तर नव्हतंच. पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली १८८४ मध्ये. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकली, तीही १८८० च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे ओसरीवरची शाळा आणि पदवी यांच्यात जवळजवळ चाळीस वर्षं गेली. त्या ६८ मुली तोवर पन्नाशीकडे झुकल्या असतील.

आपल्या वर्गात आम्ही मुली किती होतो ते तुम्हाला आठवत असेल, बोटांवर मोजण्याइतक्या. नाटकाच्या तालमी संध्याकाळी सहानंतर रंगात यायच्या आणि मुलींच्या वसतिगृहाचं दार सातला बंद व्हायचं. त्यामुळे ज्या एकांकिकेत स्त्री-पात्रं जास्त, ती आपण निवडायचीच नाही, असा अलिखित नियमच होता. मग काही मुलांनी आणि मॅडमनी मिळून तालमी सकाळी सातला घ्यायला सुरुवात केली, लेक्चरच्या आधी. झोप सगळ्यांचीच मोडली, पण त्या वर्षी एकांकिकेत चार मुली होत्या. १८४९ च्या त्या सकाळच्या शाळांबद्दल वाचलं तेव्हा मला वाटलं, दिवसाचा जो वेळ कोणालाच नको असतो, तोच मंडळांच्या वाट्याला येतो आणि बऱ्याचदा त्याच वेळात काहीतरी उभं राहतं.

छोट्या कॉलेजाचा फायदा

आपलं कॉलेज लहान होतं याची आपल्याला तेव्हा थोडी लाज वाटायची. पुण्याला पुरुषोत्तम करंडकाला गेलो की मोठ्या कॉलेजांचे संघ दिसायचे. त्यांच्याकडे प्रकाशयोजनेला वेगळा माणूस, संगीताला वेगळा, नेपथ्याला चारजण. आपल्याकडे जो नायक तोच सेट रंगवायचा आणि जिने संगीत सांभाळायचं तीच दुसऱ्या दिवशी भित्तिपत्रकासाठी कार्यक्रमाचा वृत्तांत लिहायची. एन.एस.एस.च्या शिबिरात बांध घालायलाही तीच माणसं.

आता वाटतं, आपलं भलंच झालं. मोठ्या कॉलेजात प्रेक्षक होऊन चार वर्षं काढता येतात. छोट्या कॉलेजात माणसं कमी, त्यामुळे कोणाला बाजूला बसून चालत नाही. एल्फिन्स्टनमध्येही तसंच होतं. निबंध वाचणारे तेच, मासिकात लिहिणारे तेच, सकाळी मुलींना शिकवणारे तेच आणि पार्लमेंटला अर्ज लिहिणारेही तेच. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि विद्यार्थ्यांनी कॉलेजबाहेर जाऊन काम करण्याला सरकारी चौकट मिळाली. चौकट चांगलीच आहे. पण चौकटीच्या एकशेवीस वर्षं आधी काही मुलांनी स्वतःहून हे केलं होतं, तेव्हा हजेरी नव्हती, गुण नव्हते आणि प्रमाणपत्रही नव्हतं.

आपल्यापुढचा प्रश्न

आता त्या निर्णयाकडे येते. मेळाव्यात जमलेल्या निधीचं काय करायचं, यावर सर्वसाधारण सभेत चर्चा होणार आहे. दोन सूचना पुढे आल्या आहेत. एक, देणगीदारांच्या नावांची पाटी असलेला खुला रंगमंच बांधायचा. दोन, ही रक्कम ठेव म्हणून ठेवायची आणि तिच्या व्याजातून दरवर्षी विद्यार्थी-मंडळांना खर्चाला पैसे द्यायचे, अट एकच : मंडळाने वहीत नोंदी ठेवायच्या आणि वर्षअखेरीला ती वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यायची.

रंगमंचाच्या सूचनेमागचं प्रेम मला कळतं. आपण मोकळ्या मैदानात, पावसात भिजलेल्या पडद्यांसमोर काम केलं. पुढच्यांना तसं करावं लागू नये, असं वाटणारच. पण माझं मत दुसऱ्या सूचनेला आहे, आणि ते या इतिहासामुळे जास्त पक्कं झालं. एल्फिन्स्टनच्या मुलांना कोणी आधी इमारत दिली नाही. त्यांनी काम सुरू केलं, ते दिसलं आणि मग नाना शंकरशेटांची जागा आली, कामांचे पैसे आले. मदत करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी काम ताब्यात घेतलं नाही. जिथे अडत होतं तिथे हात दिला. आपण आता त्या वडीलधाऱ्यांच्या वयाचे झालो आहोत. आपण काय करावं, याचा याहून चांगला नमुना मला दिसत नाही. शिवाय कॉलेजात शिकवणारे आपले जुने सर सांगतात की आता वेळापत्रकात शनिवारची दुपारही मोकळी राहिलेली नाही. मुलांना आधी वेळ आणि खोलीची किल्ली हवी आहे. तेवढं मिळवून देण्यासाठी प्राचार्यांशी बोलायला आपल्यातले दोघंतिघं गेले तर त्याला निधीतला एक रुपयाही लागणार नाही.

दादाभाईंनी आपल्या आठवणींत आणखी एक गोष्ट सांगितली आहे. ते गरीब घरचे होते आणि त्यांचं शिक्षण लोकांच्या पैशावर, फुकट झालं. त्यामुळे जे मिळालं ते लोकांना परत देणं आपल्याला भाग आहे, हा विचार त्यांच्या मनात तरुणपणीच पक्का झाला. आपल्यातल्या बहुतेकांच्या फीचा मोठा वाटाही कोणीतरी दुसऱ्यानेच भरला होता, सरकारने म्हणजे लोकांनी. तेव्हा देण्याचा प्रश्न आहेच. तो कसा द्यायचा, एवढंच ठरवायचं आहे.

शेवटी संपादक मंडळाला एक विनंती. सोसायटीच्या अध्यक्षांची नावं इतिहासात आहेत, ज्याने निबंध वाचला त्याचंही नाव आहे. सकाळी उठून शिकवायला गेलेल्या बहुतेक सभासदांची नावं मात्र मला कुठे वाचायला मिळाली नाहीत, आणि त्या ६८ मुलींपैकी एकीचंही नाही. त्यांच्यातली कोणती ओसरीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहायला शिकली असेल, तिचं नावही आपल्याजवळ नाही. म्हणून या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर सेक्रेटरी आणि नायक-नायिका यांच्याबरोबर पडदे शिवणाऱ्यांची, चहा आणणाऱ्यांची, भित्तिपत्रकासाठी रात्र जागून सुवाच्य अक्षरात लिहिणाऱ्यांची, शिबिरात पाणी भरणाऱ्यांची आणि तालमींना किल्ली देणाऱ्या शिपाईमामांचीही नावं छापावीत. प्रत्येक तुकडीने आपापली यादी आठवून मेळाव्याला येताना लिहून आणावी. मी आमच्या तुकडीची यादी करायला घेतली आहे. आतापर्यंत एकतीस नावं झाली आहेत आणि रोज एखादं नवं आठवतं आहे.